समुद्रावर आणि धरणाकाठी सावलीचा तंबू: कोणता घ्यावा, कसा उभारावा?

शेवंती | शनिवार, रात्री ९:२०

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही आंजर्ल्याला जातोय. बरोबर सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आणि नणंदेचं दीड वर्षाचं बाळ. मुक्काम किनाऱ्यालगतच आहे, पण खोली ही खोलीच. सासऱ्यांना समुद्र बघत दिवसभर बसायचंय. आजवर असं होत आलंय की ऊन चढलं की मोठी माणसं आणि लहान मूल आत जातात, बाहेर उरतो ते आम्ही मधले. या वेळी मला सगळे एकत्र बाहेर हवेत, म्हणून घडी करून नेता येईल असं सावलीचं काहीतरी घ्यायचं ठरवलंय.

तीन प्रकार समोर आहेत. एक, पिशवीतून काढलं की फटकन उघडणारा छोटा तंबू, तीन बाजू बंद आणि एक उघडी. दोन, लायक्राचं ताणायचं कापड, दोन दांडे आणि चार कोपऱ्यांना वाळू भरायच्या पिशव्या. तीन, चार पायांचा लोखंडी सांगाड्याचा गझिबो, दहा बाय दहा फुटांचा.

नंतर हीच वस्तू पानशेत, पवना अशा ठिकाणीही वापरायची आहे. माणसं सात, गाडी एकच. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सविस्तर लिहा. कंपनीपेक्षा उभारणीची माहिती मला जास्त हवी आहे.

फिरस्ता | शनिवार, रात्री ९:४१

लायक्रावालं घ्या. सात माणसांना हवा खेळती हवी.

पेठेतली | शनिवार, रात्री १०:०५

मला यातलं काहीच लागत नाही. सकाळी दहापर्यंत समुद्र, मग जेवण आणि झोप, चार वाजता पुन्हा समुद्र. दुपारी बसायचंच असेल तर कोकणात सुरूची बनं आहेत की. चटई टाकायची आणि बसायचं. सात माणसं, सामान, वर तंबू. म्हणजे एका गाडीत तंबू आणि दुसऱ्या गाडीत माणसं!

घाटवाट | शनिवार, रात्री ११:३२

शेवंती, तिन्ही प्रकार वापरून झालेत, म्हणून जरा लांब लिहितो.

फटकन उघडणारा तंबू वजनाला हलका असतो आणि पाठीवर नेता येतो. बाळाचे कपडे बदलायला, त्याला झोपवायला उत्तम. पण आपल्याकडच्या दुपारी तीन बाजू बंद म्हणजे आत भट्टी. घेताना पाठीमागे जाळीची खिडकी आहे का बघा, आणि ती खिडकी मुठीएवढी नको, निम्मी भिंत उघडणारी हवी. सात माणसं त्यात मावत नाहीत. दोन मोठी माणसं आणि एक मूल, एवढाच त्याचा आवाका.

गझिबोला उंची मिळते, खुर्च्या मावतात, मोठ्यांना वाकून आत शिरावं लागत नाही. पण सांगाडा पंधरा-वीस किलोचा, आणि घडी केली तरी डिकीत आडवा मावेलच असं नाही. सोसायटीचं अंगण, शेतातली हुरडा पार्टी, मैदानावरचे मुलांचे सामने इथे तो छान. समुद्रावर मात्र वाऱ्याचा फटका बसला की सांगाड्याच्या कात्रीसारख्या पट्ट्या पिरगळतात, आणि एकदा वाकलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही.

लायक्राचं कापड वाऱ्याबरोबर थोडं झुकतं आणि परत येतं, म्हणून समुद्रावर तेच टिकतं. उभारायची रीत अशी. आधी कापड वाळूवर पसरायचं आणि चारही पिशव्या कोपऱ्यांपासून तिरक्या रेषेत बाहेर ओढायच्या. मग पिशव्यांच्या जागी गुडघाभर नसला तरी हातभर खड्डा करून त्या भरून पुरायच्या. दांडे सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक दांडे आधी उभे करतात आणि मग दोघंजण ते धरून बसतात.

वाळू ओली भरा. कोरडी वाळू पिशवीच्या शिवणीतून गळत राहते आणि वजनालाही कमी भरते. दहा लिटरच्या पिशवीत कोरडी वाळू साधारण सोळा किलो, ओली एकोणीस-वीसच्या आसपास.

चिंचवडकर | रविवार, सकाळी ७:१५

घाटवाट यांनी वाऱ्याचं लिहिलं त्यात आकडे घालतो, कारण इथेच लोकांचा अंदाज चुकतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. तीन मीटर बाय तीन मीटर म्हणजे ९ चौरस मीटर कापड ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यासमोर उभं धरलं, तर त्यावर साधारण ३७-३८ किलोचा जोर येतो. तोच वारा ताशी ६० झाला तर दीडशे किलो. कापड आडवं असताना एवढा पूर्ण जोर येत नाही, पण एक कड उचलली गेली की वारा खालून शिरतो आणि कापडाचं शीड होतं.

म्हणून कापड कुठलं यापेक्षा ते धरून काय ठेवलंय, हे आधी बघा. तंबूबरोबर मिळणाऱ्या तारेच्या बारीक खुंट्या वाळूत कुचकामी आहेत. वाळूत खुंटी उभी ठोकायची नसते. हातभर लांबीची काठी घ्या, तिच्या मध्यावर दोर बांधा आणि काठी दोराला काटकोनात आडवी पुरा, दीड फूट खोल. वर वाळू टाकून पायाने दाबा. दोर जमिनीशी ४५ अंशांच्या आसपास बाहेर यायला हवा. ही आडवी काठी उपसायला वरची सगळी वाळू उचलावी लागते, म्हणून ती धरते.

आणि वारा वाढला की उतरवून ठेवा. उडालेला दांडा शेजारच्या कुटुंबातल्या मुलाला लागू शकतो.

दर्यावर्दी | रविवार, सकाळी ८:५०

मी मूळचा हर्णैच्या बाजूचा, आता धायरीत असतो. शेवंतीताई, तुमच्या तारखांना वारा आणि ऊन कुठून येईल ते सांगतो. त्यावर तंबूचं तोंड ठरवा.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वारा असतो, शाळेत शिकलेले मतलई वारे. तो हळूहळू पडतो. अकरा-बाराच्या सुमारास थोडा वेळ काहीच हलत नाही, तेव्हाच सगळ्यात जास्त उकडतं. मग खारे वारे सुरू होतात आणि दुपारी दोन-तीनपर्यंत चांगला जोर धरतात. आमच्या किनाऱ्यावर ते बहुतेक वायव्येकडून येतात. डिसेंबरात दुपारनंतरचं ऊन नैर्ऋत्येकडून येतं. म्हणजे वारा एका बाजूने आणि ऊन दुसऱ्या बाजूने. हे लक्षात घेतलं की काम सोपं. उन्हाची बाजू झाका, वाऱ्याची आणि तिच्यासमोरची मोकळी सोडा. वारा आरपार जातो, तंबू उडत नाही आणि माणसं गार राहतात.

सकाळी शांत हवेत सैल उभारून लोक पाण्यात जातात आणि दोन वाजता सगळं धावत पकडायला लागतं. सकाळीच दुपारच्या वाऱ्याच्या हिशोबाने बांधा.

आता भरती. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आगेमागे, आणि तेव्हा उधाणाची म्हणजे मोठी भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. म्हणजे अष्टमीच्या आसपास गेलात तर दुपारी ओहोटी आणि ऐसपैस वाळू. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी पाणी वर असेल आणि बसायला अरुंद पट्टा उरेल. वाळूवर शेवाळ, शिंपले, काटक्यांची रेघ दिसते, ती आधीच्या भरतीची. तिच्या वर बसा, आणि उधाणाच्या दिवसांत बरंच वर.

शेवंती | रविवार, सकाळी ९:३०

दर्यावर्दीकाका, हे फार उपयोगी आहे. कालनिर्णय काढून तिथी बघते. आमच्या तारखा अजून दोन दिवस मागेपुढे होऊ शकतात.

एक विचारायचं होतं. लायक्राच्या कापडाला भिंती नसतात, मग नैर्ऋत्येची बाजू झाकायची कशाने?

सूर्यमाथा | रविवार, सकाळी १०:१०

शेवंती यांचा हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण छत डोक्यावर असलं तरी सावली डोक्यावर असेलच असं नाही.

पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. तेव्हा माध्यान्हीला सूर्य बरोबर माथ्यावर, त्यामुळे छताची सावली छताखालीच. डिसेंबरच्या शेवटी आंजर्ल्याला भर दुपारीही सूर्य ४८-४९ अंशांवरच असतो. छत दोन मीटर उंच असेल तर त्याची सावली पावणेदोन मीटर उत्तरेला सरकून पडते. दुपारी चार वाजता सूर्य साधारण २५-२६ अंशांवर येतो आणि सावली चार मीटरांहून जास्त ईशान्येकडे जाते. तुमचं छत तीन मीटर रुंद. म्हणजे चार वाजता तुमची सावली शेजाऱ्यांच्या चटईवर!

आणखी एक. तिथे सूर्याची माध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता नसते. डिसेंबरच्या शेवटी ती साडेबारा उलटून गेल्यावर येते, त्यामुळे उन्हाचा जोर दोनपर्यंत धरा.

उपाय दोन. नैर्ऋत्येकडचा दांडा ठेंगणा ठेवा किंवा ती कड सरळ जमिनीला बांधा, म्हणजे छत उतरतं होतं आणि तिरकं ऊन अडतं. नाहीतर त्या बाजूला वेगळं कापड टांगा.

पेठेतली | रविवार, सकाळी १०:४५

सूर्यमाथा, हे वाचून आता मलाच चटई घेऊन सावलीच्या मागे मागे फिरायचं सुचतंय. पण माझा मुद्दा तोच आहे. सुरूच्या बनात हे काहीच करावं लागत नाही.

दर्यावर्दी | रविवार, सकाळी ११:२०

पेठेतलीताई, बनात जरूर बसा, पण सगळ्या किनाऱ्यांवर बन पाण्याजवळ नाही. काही ठिकाणी लाटांनी किनारा खाल्ला आणि सुरूची मुळं उघडी पडून झाडं आडवी झाली. ही झाडं वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहेत. उभ्या झाडांना दोर आवळून ताण देऊ नका, निदान खोडाभोवती जुन्या साडीची जाड पट्टी गुंडाळून मगच दोर बांधा. आणि बनात चूल पेटवू नका. खाली सुक्या सुया पडलेल्या असतात, भसकन पेट घेतात.

दुसरं असं की सत्तरीच्या माणसाला बनातून पाण्यापर्यंत तापलेल्या वाळूतून दहा वेळा ये-जा जमत नाही. नातवंडं पाण्यात आणि आजोबा लांब झाडाखाली, हेच तर ताईंना नको आहे.

कडुनिंब | रविवार, दुपारी १२:४०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. थोडं आरोग्याच्या बाजूने.

कापडावर यूपीएफ ५० लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आरपार येतो. हे कापडापुरतं झालं. सावलीत बसलेल्या माणसाला बाजूंनी मिळणारे किरण वेगळेच. कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, शिवाय मोकळ्या आकाशातून विखुरलेले येतात ते निराळे. म्हणून तंबूत असलं तरी बाळाला सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि रुंद काठाची टोपी घाला.

लायक्रा फार ताणू नका. जास्त ताणलं की विणीच्या फटी मोठ्या होतात आणि संरक्षण घटतं. कापड उजेडाकडे धरून पाहा. त्यातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी दिसत असेल तर ते विरळ झालंय.

सावलीने थेट ऊन थांबतं, हवा गार होत नाही. बंद तंबूत झोपलेल्या बाळावर सतत लक्ष हवं. मान आणि पाठ हाताने चाचपून बघायची. अंग तापलेलं, चेहरा लाल, मूल मलूल वाटलं तर लगेच बाहेर वाऱ्यावर आणा आणि ओल्या फडक्याने पुसा. बाबागाडीवर किंवा झोळीवर जाड दुपटं टाकून झाकणं फार वाईट, आत हवा कोंडते.

मोठ्या माणसांना तहान उशिरा लागते, म्हणून मागायची वाट न बघता पाणी, सरबत, ताक द्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. कुणी गोंधळल्यासारखं बोलू लागलं, अंग खूप तापलं, तर ते दमणं समजू नका. अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठा.

शिवार | रविवार, दुपारी २:०५

शेवंतीताईंच्या भिंतीच्या प्रश्नाला शेतकऱ्याचं उत्तर देतो. आमचं गाव सासवडजवळ. रोपवाटिकेला लावतात ती शेडनेट घ्या. ५०, ७५, ९० टक्के अशी मिळते. टक्के म्हणजे ती किती ऊन अडवते. तुमच्या कामाला ७५ किंवा ९० ची. कात्रीने हवी तेवढी कापून मिळते, वजनाला काहीच नाही, धुतली की लगेच वाळते.

मुख्य फायदा असा की तिच्यातून वारा जातो. चादर किंवा ताडपत्री बाजूला टांगली की चिंचवडकर म्हणाले तसं शीड होतं. नेटचं तसं होत नाही, जोर कमी बसतो. आम्ही हुरड्याच्या दिवसांत आगटीजवळ पाहुण्यांसाठी हीच बांधतो. चार बांबू आणि वर नेट. धूर वरून निघून जातो, ऊन लागत नाही, वारा लागतो. डोळ्यांनाही त्या हिरव्या उजेडात बरं वाटतं.

कापलेली कड उसवते. म्हणून कड दुमडून आतून दोर ओवा, आणि नेटला थेट भोक पाडू नका. नेटचा कोपरा एका गोट्यावर घ्या, त्याच्या मागून दोराची गाठ मारा. कापड फाटत नाही आणि गाठ सुटत नाही.

घाटवाट | रविवार, दुपारी २:५०

शिवार, बाजूला नेट मान्य. पण छत नेटचं नको. ७५ टक्क्यांच्या नेटमधून पाव ऊन आत येतं. दीड वर्षाच्या बाळाला दोन तास त्याखाली ठेवणं मला पटत नाही. कडुनिंब यांनी लिहिलेलं कापड आणि नेट यांत फार फरक आहे.

शिवार | रविवार, दुपारी ३:१०

छताला दाट कापडच हवं, मी भिंतीबद्दलच बोलतोय. आमच्या हुरड्याला डोक्यावर बोरीची सावली असते, ते मी लिहायला हवं होतं. पण तिरक्या उन्हाला ९० ची दुहेरी घडी करून लावा, चालेल.

कडुनिंब | रविवार, दुपारी ३:२५

वर दाट कापड, उन्हाच्या बाजूला दुहेरी नेट, बाकी मोकळं. बाळासाठी माझी याला संमती आहे.

फिरस्ता | रविवार, दुपारी ४:००

हुरड्याचा विषय निघालाच आहे तर शिवारदादा, यंदा हुरडा कधी? चटणी आणि दही आम्ही आणतो.

शिवार | रविवार, दुपारी ४:१२

संक्रांतीच्या आसपास. गूळभेंडी ज्वारी पेरलीय. या.

तळ्याकाठी | रविवार, सायंकाळी ६:३०

पानशेत-पवन्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. धरणाकाठचा मामला समुद्रापेक्षा वेगळा आहे.

पाणी उतरलं की काठावर उघडी, भेगाळलेली जमीन राहते आणि झाडं पार वर, जुन्या पाणीपातळीच्या रेषेवर. म्हणजे पाण्याजवळ सावली नाहीच. तिथे वाळूच्या पिशव्यांचा उपयोग नाही, कारण वाळूच नाही. सुकलेल्या गाळात हातभर लांबीच्या जाड लोखंडी खुंट्या लागतात, आणि ठोकायला हातोडा. चप्पल किंवा दगडाने ठोकून खुंट्या वाकतात. बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली कातळ लागतो. खुंटी टणकन वाजली की ती जागा सोडा. तिथे दोराचा फास मोठ्या धोंड्याला घालायचा आणि त्या धोंड्यापुढे दुसरा धोंडा टेकवायचा, म्हणजे पहिला सरकत नाही. लायक्राच्या त्याच पिशव्यांत दगड भरले तरी चालतं, फक्त आत गोणपाट घाला, नाहीतर धारेने शिवण उसवते.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. एक, हा सावलीचा तंबू रात्री झोपायचा तंबू नाही. धरणाकाठी थंडीत पहाटे दव एवढं पडतं की अंथरूण ओलं होतं, आणि याला खालचा कपडा नसतो. रात्रीसाठी वेगळा तंबू हवा.

दोन, एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग चढायला लागले की वळवाच्या आधी वावटळ येते. दहा मिनिटांत हवा पालटते. ढगाचा काळा डोंगर दिसला, गार झोत आला, की गडगडाटाची वाट न बघता दांडे उतरवा आणि सगळ्यांनी गाडीत बसा, काचा बंद करून. उघड्या काठावर धातूच्या दांड्यांखाली बसणं धोक्याचं आहे. विजेपासून हा तंबू अजिबात वाचवत नाही. मुलं पाण्यात असतील तर आधी त्यांना बाहेर काढा.

चिंचवडकर | रविवार, सायंकाळी ७:०५

तळ्याकाठी, शंभर टक्के सहमत. दोर बांधताना चमकदार किंवा पांढरा घ्या. काळ्या दोरात संध्याकाळी पळणारी मुलं अडकून पडतात. दोरांना रंगीत चिंध्या बांधल्या तरी काम होतं.

नारळीपाक | रविवार, रात्री ८:२०

सामान पुण्यात कुठे घ्यायचं ते सांगते. तयार तंबू डेकॅथलॉनला उघडून बघता येतात, ऑनलाइन घेण्यापेक्षा ते बरं. दोर, ताडपत्री, हुक, कड्या रविवार पेठेत बोहरी आळीत. बांबू बुरूड आळीत. जाड, भरीव, कमी गाठींचे निवडून घ्या आणि टोकं तिथेच कापून घ्या, गाडीत घालायच्या मापाने. माझ्या घरी जुन्या नऊवारीच्या चौपदरी पट्ट्या शिवून ठेवल्यात, त्या दांड्याच्या टोकाला बांधते. तिथेच घासून कापड पहिल्यांदा फाटतं.

शेडनेट कुठे मिळेल?

शिवार | रविवार, रात्री ८:४५

मार्केट यार्डाच्या आसपास शेतीसामानाची दुकानं आहेत, तिथे विचारा. मोठ्या नर्सरीवाल्याकडेही उरलेला तुकडा मिळून जातो.

वाळूचापक्षी | सोमवार, सकाळी ६:४०

आंजर्ल्याचं नाव वाचलं म्हणून मुद्दाम लिहितोय. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा काळ. मादी रात्री वाळूत चढते. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम उभं केलं, आणि आंजर्ल्यालाही गावकरी घरटी राखतात. अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात आणि पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं निघतात.

म्हणून तंबू संध्याकाळी पूर्ण उतरवा. दांडे, दोर, खुंट्या काहीही रात्रभर ठेवू नका. मादीच्या वाटेत दोर आला तर ती अंडी न घालता परत फिरते. पिशव्या पुरायला केलेले आणि मुलांनी खेळताना केलेले सगळे खड्डे बुजवा. तळहातापेक्षा लहान पिल्लू खड्ड्यात पडलं की वर येत नाही आणि सकाळी कावळे-कुत्री टिपतात. कुंपणाजवळ तंबू नको, आणि रात्री पाण्याकडे टॉर्च मारू नका.

शेवंती | सोमवार, सकाळी ९:१५

हे माहीत नव्हतं. मुलांना खड्डे बुजवायचं काम देते, ती आवडीने करतील. कासवांच्या कुंपणाची जागा घरवाल्या काकूंना आधीच विचारून ठेवते.

पेठेतली | सोमवार, सकाळी १०:००

वाळूचापक्षी, फार चांगलं लिहिलंत. आणि दर्यावर्दी, आजोबांच्या ये-जा करण्याचं तुम्ही म्हणालात ते पटलं. माझे आईबाबा आता प्रवास करत नाहीत. मी स्वतःच्या पायांच्या हिशोबाने लिहीत होते.

खारवडी | सोमवार, दुपारी १:३०

परत आल्यावरची काळजीही महत्त्वाची आहे. खाऱ्या हवेने चेन गंजते, दांड्यांचे सांधे अडकतात आणि पुढच्या वेळी ऐन उन्हात उघडत नाहीत. घरी आल्या दिवशीच बादलीभर गोड्या पाण्यात कापड बुडवून काढा, साबण नको, ब्रश नको. दांडे वेगळे करून आतून पाणी ओता आणि उभे निथळत ठेवा. चेनवर मेणबत्ती घासा. सावलीत पूर्ण वाळू द्या. दमट गुंडाळून ठेवलं की आतला लेप चिकट होतो, वास धरतो, आणि तो नंतर जात नाही.

नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर उन्हाला जास्त टिकतं, घेताना चिठ्ठी वाचा. फटकन उघडणारा तंबू घेतलात तर मिटण्याचा सराव दुकानातच करून या. कडी आठच्या आकड्यासारखी पिळून एकावर एक आणायची असते. समजली की सोपी, नाहीतर चौघांना दमवते.

शेवंती | सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचं वाचून ठरवलं ते लिहिते. लायक्राचं तीन बाय तीनचं कापड घेतेय, दोन ऐवजी चार दांड्यांचं, कारण सासऱ्यांना गुडघ्यांमुळे खुर्ची लागते आणि डोकं टेकायला नको. नैर्ऋत्येचे दोन दांडे ठेंगणे. त्या बाजूला ९० ची नेट दुहेरी. चार आडव्या काठ्या आणि पांढरा दोर. बाळासाठी मोठ्या जाळीच्या खिडकीचा छोटा तंबू नणंद तिच्या मैत्रिणीकडून आणतेय, तो छताखालीच ठेवू. गझिबो नाही. तारीख अष्टमीच्या जवळ आणली आहे, म्हणजे दुपारी ओहोटी मिळेल.

पानशेतसाठी लोखंडी खुंट्या वेगळ्या घेईन.

सूर्यमाथा | सोमवार, रात्री १०:०५

ठेंगणे दांडे दीड मीटरच्या आतले ठेवा. आणि खुर्च्या छताच्या मधोमध न मांडता ईशान्येच्या कडेला मांडा, सावली तिकडेच जाणार आहे.

चिंचवडकर | सोमवार, रात्री १०:२०

निघण्याच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या बागेत एकदा उभारून बघा. कोण कुठला कोपरा धरणार हे घरीच ठरलं की किनाऱ्यावर सोपं जातं.

दुचाकीवाला | मंगळवार, सकाळी ८:१०

धागा उशिरा वाचला. आम्ही दोघं बाइकवर दिवेआगरला जातो. एवढं सामान जमणार नाही. काही सुचवाल का?

घाटवाट | मंगळवार, सकाळी ८:५५

दोघांना तीन बाय दोन मीटरचा हलका टार्प, म्हणजे पातळ ताडपत्री, पुरे. रंग आतून गडद, बाहेरून चंदेरी. दांड्याऐवजी एक घडीची काठी, चार रिकाम्या कापडी पिशव्या आणि पंधरा मीटर दोर. टार्पची मागची कड वाळूत पुरून टाका, पुढची एका काठीवर उचला. पाठ उन्हाकडे. सगळं मिळून दीड-दोन किलो होतं, सीटखाली नाही बसलं तर टाकीवरच्या बॅगेत बसतं. पिशव्या रिकाम्या न्या, भरायला वाळू तिथे आहे.

दुचाकीवाला | मंगळवार, सकाळी ९:०२

काठी किती उंच?

घाटवाट | मंगळवार, सकाळी ९:०६

बसल्यावर डोक्याच्या वर वीतभर. सव्वा मीटर धरा.